एव्हरी आयलंडवरील टबॅस्को कारखाना आणि संग्रहालय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील टबॅस्को या मिरचीच्या तिखट सॉसचा कारखाना आणि त्याला लागून असलेले संग्रहालय पाहायला जाण्याआधी, आणि पाहून आल्यावरही, लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत आणि एका उत्तरातील मजकूर दुसऱ्या उत्तराशी जोडलेला असेल तर तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तिकिटाचे दर आणि वेळा बदलत असतात, म्हणून त्या मुद्दामच दिलेल्या नाहीत. निघण्याच्या आदल्या दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावर त्या पाहून घ्याव्यात.

१. हे ठिकाण नेमके कोठे आहे? नावात ‘आयलंड’ आहे, म्हणजे होडीने जावे लागते का?

होडी लागत नाही. थेट दारापर्यंत डांबरी रस्ता आहे. एव्हरी आयलंड दक्षिण लुइझियानातील आयबेरिया परगण्यात, न्यू आयबेरिया या गावाच्या नैर्ऋत्येस आहे. न्यू ऑर्लिन्सपासून पश्चिमेला सुमारे २२५ किलोमीटर आणि लाफायेटपासून सुमारे ५० किलोमीटर अंतर पडते. समुद्राने वेढलेले असे हे बेट नसून सभोवार खाजण, सायप्रस वृक्षांची दलदल आणि संथ वाहणारे ‘बायू’ नावाचे प्रवाह असल्यामुळे मधला उंचवटा बेटासारखा दिसतो, एवढेच.

हा उंचवटा आला कोठून, हे मात्र जाण्याआधीच समजून घ्यावे, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. जुरासिक काळात आटलेल्या समुद्राच्या मिठाचा थर येथे जमिनीखाली खोलवर गाडला गेला. वरच्या गाळापेक्षा मीठ हलके असते आणि प्रचंड दाबाखाली ते घट्ट कणकेसारखे वाहू लागते, त्यामुळे लाखो वर्षांत ते वर सरकत गेले आणि त्याने डोक्यावरची जमीन फुगवली. अशा रचनेला मिठाचा घुमट म्हणतात. सभोवतालचा प्रदेश जवळजवळ समुद्रसपाटीला असताना या घुमटाचा माथा १६३ फूट, म्हणजे सुमारे ५० मीटर उंच आहे. डोंगर पाहिलेल्या माणसाला ही उंची नगण्य वाटेल. पण तासन् तास सपाट प्रदेशातून गाडी चालवून येणाऱ्याला तो चढ स्पष्ट जाणवतो.

२. गाडी नसेल तर जाता येते का?

सोयीचे नाही. बेटापर्यंत नियमित बससेवा नाही. लाफायेट किंवा न्यू ऑर्लिन्सहून गाडी भाड्याने घेणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. महामार्ग ९० ने न्यू आयबेरियापर्यंत यावे आणि तेथून राज्यमार्ग ३२९ धरावा; तो बेटावरच जातो. न्यू ऑर्लिन्सहून साधारण अडीच तास लागतात. मोबाइलवरून मागवलेली टॅक्सी तुम्हाला सोडून जाईल, पण परतीच्या वेळी दुसरी मिळेल याचा भरवसा धरू नये.

३. आत काय काय पाहायला मिळते? बरोबर मार्गदर्शक असतो का?

फेरी आपली आपण करायची असते. संग्रहालय, मिरचीच्या रोपांचे हरितगृह, पिंपांचे कोठार, लगदा आणि व्हिनेगर एकत्र ढवळण्याचा विभाग, मिठाच्या खाणीची प्रतिकृती आणि बाटल्या भरण्याचे यंत्रघर असे टप्पे आहेत. शेवटी दुकान आणि उपाहारगृह येते. इमारती एकमेकींपासून काही पावलांवर आहेत आणि मधले चालणे उघड्यावरचे आहे, म्हणून उन्हाळ्यात टोपी आणि पावसात छत्री जवळ ठेवावी.

संग्रहालयात जुनी वेष्टने, बाटल्यांचे बदलत गेलेले आकार, जाहिराती आणि कुटुंबाचा इतिहास मांडलेला आहे. बहुतेक लोक ते दहा मिनिटांत उरकतात आणि यंत्रघराकडे धावतात. माझा अनुभव उलट क्रम सुचवतो : संग्रहालयाला आणि पिंपांच्या कोठाराला वेळ द्यावा, यंत्रघर सहज पाहून घ्यावे. काचेपलीकडे सरकणाऱ्या बाटल्या कोणत्याही पेयाच्या कारखान्यात दिसतात, तीन वर्षे मुरत पडलेली मिरची दिसत नाही.

४. किती वेळ राखून ठेवावा?

कारखाना आणि संग्रहालयाला दीड ते दोन तास पुरतात. जंगल गार्डन्स (प्रश्न १८) पाहायची असल्यास पूर्ण दिवस ठेवावा.

५. कोणत्या महिन्यात जाणे उत्तम?

पाहायचे काय, यावर ते अवलंबून आहे, आणि दोन्ही गोष्टी एकाच फेरीत साधत नाहीत. फेब्रुवारी-मार्चपासून अझेलिया फुलतात आणि वसंत ऋतूत बगळे घरटी करतात. त्या काळात मिरचीची रोपे मात्र लहान असतात. लाल मिरची लगडलेली पाहायची तर ऑगस्टपासून पुढे शरद ऋतूत यावे लागते. तोवर घरटी रिकामी झालेली असतात आणि वादळांचा हंगाम भरात असतो (प्रश्न २०). जून ते सप्टेंबर दमट उकाडा आणि डास यांची तयारी ठेवावी. एकदाच जाणे होणार असेल, तर मी मार्चअखेर किंवा एप्रिल सुचवेन. हरितगृहात मिरचीचे झाड एरवीही पाहता येते.

६. शनिवार-रविवारी गेल्यास बाटल्या भरताना दिसतील का?

यंत्रे चालू पाहायची असतील तर आठवड्याच्या मधल्या कामाच्या दिवशी जावे. शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांच्या दिवशी यंत्रघर शांत असू शकते. पूर्ण वेगात असताना येथे दिवसाला सात लाखांपर्यंत बाटल्या भरता येतात. पिंपांचे कोठार यंत्रावर अवलंबून नसल्यामुळे सुट्टीच्या दिवशी गेल्यानेही फार मोठे नुकसान होत नाही.

७. सॉस बनवायला तीन वर्षे लागतात असे ऐकले. तीन वर्षे नेमके चालते तरी काय?

मूळ लाल सॉसमध्ये तीनच पदार्थ आहेत : मिरची, मीठ आणि व्हिनेगर. घटक इतके थोडे असल्यामुळे चवीतला फरक पडतो तो मुरण्याने.

मिरची तोडल्याच्या दिवशीच थोडे मीठ घालून वाटतात. हा लगदा पांढऱ्या ओकच्या लाकडी पिंपांत भरतात, झाकण ठोकतात आणि झाकणावर मिठाचा जाड थर पसरतात. झाकणाला बारीक छिद्रे असतात. आत आंबण्याची क्रिया सुरू झाली की वायू तयार होतो आणि तो या छिद्रांतून, मिठाच्या थरातून वाट काढत बाहेर पडतो. सुरुवातीला त्या बुडबुड्यांनी आणि रसाने मीठ ओले होते. आंबणे मंदावले की तेच मीठ वाळून घट्ट होते आणि बाहेरची हवा आत जाऊ देत नाही. म्हणजे एकच मिठाचा थर आधी झडप होतो आणि नंतर लिंपण.

कोठारात उभे राहिल्यावर हे डोळ्यांनी पाहता येते. एकावर एक रचलेल्या पिंपांच्या ओळी अंधूक उजेडात मागेपर्यंत गेलेल्या दिसतात, आणि जवळच्या पिंपाच्या झाकणावरचे मीठ करडे, खरबरीत, जुन्या भिंतीच्या गिलाव्यासारखे दिसते. वास तिखट नव्हे, आंबट-खारट असतो. मात्र तो दोन श्वासांनंतर घशाशी येतो आणि बहुतेकांना ठसका लागतोच.

लगदा तीन वर्षांपर्यंत मुरतो. त्यानंतर पिंप उघडून रंग, वास आणि ओलावा तपासतात; ही तपासणी करण्याची कंपनी उभारणाऱ्या मॅकिलेनी कुटुंबातील व्यक्तींची परंपरा आहे. पसंत पडलेला लगदा मोठ्या टाक्यांत ऊर्ध्वपातित व्हिनेगरबरोबर काही आठवडे अधूनमधून ढवळला जातो, मग साली आणि बिया गाळून उरलेला पातळ सॉस बाटल्यांत जातो. कोठेही शिजवणे नाही. सॉस इतका पाण्यासारखा पातळ का, असे विचारणारी पत्रे येतात. त्याचे उत्तर हेच की त्यात दाटपणा आणणारे काहीच घातलेले नसते.

८. पिंपे दारूची असतात हे खरे का? मग सॉसमध्ये दारूचा अंश येतो का?

पिंपे बहुतांशी आधी बर्बन व्हिस्कीसाठी वापरलेली असतात, हे खरे आहे. बर्बन म्हणवून घेण्यासाठी व्हिस्की आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपातच मुरवली पाहिजे, असा अमेरिकेत कायदा आहे. त्यामुळे तेथे एकदा वापरलेली मजबूत पिंपे सतत मोकळी होत राहतात. कारखान्यात आल्यावर त्यांचा आतला जळका थर खरवडतात आणि लोखंडी पट्टे काढून त्या जागी स्टेनलेस स्टीलचे बसवतात, कारण मीठ आणि आम्ल मिळून साधे लोखंड खाऊन टाकतात.

सॉसच्या घटकांत मद्य नाही. व्हिनेगर मद्यार्क आंबवूनच तयार होते, परंतु त्या क्रियेत मद्यार्काचे रूपांतर अ‍ॅसेटिक आम्लात झालेले असते. ज्यांना मद्याच्या पिंपाचा पूर्वसंपर्कही नको असतो, त्यांनी मात्र ही माहिती लक्षात घेऊन आपला निर्णय करावा.

९. मिरची याच बेटावर पिकते का?

थोडी पिकते, पण मुख्यतः बियाण्यासाठी. सॉसला लागणारी बहुतेक मिरची आता लॅटिन अमेरिकेत आणि आफ्रिकेत, बेटावरून पाठवलेल्या बियाण्यातून पिकवली जाते आणि तेथेच मिठात वाटून लगद्याच्या रूपात मुरण्यासाठी बेटावर येते. मिरची हाताने तोडावी लागते आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यासाठी येथे मजूर मिळेनासे झाले, हे एक कारण. एकाच जागी सगळे पीक ठेवले तर एका वादळात किंवा एका रोगात वर्ष बुडते, हे दुसरे. बियाणे निवडण्याचे काम अजून बेटावर होते आणि ते जपण्यासाठी तिजोरी वापरतात, ही थट्टा नव्हे.

या जातीची मिरची देठावर खाली लोंबत नाही, ती आकाशाकडे टोक करून उभी वाढते. हिरवट पिवळी, मग नारिंगी, मग लालभडक असे तिचे रंग पालटतात आणि एकाच झाडावर तिन्ही रंग एकाच वेळी दिसतात. लांबी जेमतेम करंगळीच्या दोन पेरांएवढी. पण आतून ती रसाळ असते. हा रसाळपणाच तिला लगद्यासाठी योग्य बनवतो.

१०. संग्रहालयात दाखवलेली लाल रंगाची छोटी काठी कशासाठी असते?

तोडणी करणाऱ्याने मिरची पुरेशी लाल झाली की नाही हे ठरवण्यासाठी. काठीवर हव्या त्या लाल रंगाचा लेप असतो. मिरची तिच्याशेजारी धरायची, रंग जुळला तर तोडायची, नाही तर झाडावर ठेवायची. फ्रेंचमध्ये तिला ‘पती बातों रूज’, म्हणजे छोटी लाल काठी, म्हणतात. लुइझियानाच्या राजधानीचे नाव बॅटन रूज. त्याचाही अर्थ लाल काठीच, पण त्या काठीचा मिरचीशी काही संबंध नाही.

११. आम्ही रोज तिखट खाणारे लोक आहोत. हा सॉस आम्हाला तिखट लागेल का?

मूळ लाल सॉस बहुधा लागणार नाही. त्याचा आंबटपणा आधी जाणवतो, तिखटपणा मागून येतो आणि लवकर ओसरतो. आकड्यांत सांगायचे तर त्याची तीव्रता २,५०० ते ५,००० स्कोव्हिल आहे, तर ज्या मिरचीपासून तो होतो ती स्वतः ३०,००० ते ५०,००० स्कोव्हिलची असते. मधली घसरण व्हिनेगरमुळे होते.

हे माप विल्बर स्कोव्हिल या औषधशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये सुचवले. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात किती पट पातळ केल्यावर चाखणाऱ्यांना तिखटपणा जाणवेनासा होतो, हे त्यात मोजत. आता ते काम यंत्र करते, परंतु एककाला नाव त्याचेच राहिले.

दुकानातील चाखण्याच्या मेजावर याच कंपनीचे इतर सॉस असतात. हिरवा हलापेन्यो सॉस मूळपेक्षाही सौम्य (६०० ते १,२००) आहे आणि हबानेरो ७,००० च्या पुढे जातो. ‘स्कॉर्पियन’ नावाचा सॉस मात्र २३,००० ते ३३,००० च्या घरात आहे. रोज तिखट खाण्याची बढाई मारून तो चमचाभर घेणाऱ्यांसाठी पुढचा प्रश्न आहे.

१२. तोंड भाजले तर काय करावे? पाणी पिऊन उपयोग होत नाही.

होणारही नाही. तिखटपणा कॅप्सायसिन या द्रव्यामुळे असतो. ते पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. पाण्याने ते तोंडभर पसरते, इतकेच. दूध, दही किंवा आइस्क्रीम घ्यावे, कारण दुधातील केसीन हे प्रथिन कॅप्सायसिनला धरून जिभेवरून काढून नेते. दुकानात मिरचीच्या चवीचे आइस्क्रीम चाखायला मिळते; ते तिखट आणि उतारा दोन्ही आहे.

प्रत्यक्षात तोंड भाजलेले नसते. शरीरात उष्णता ओळखणारे जे ग्राहक (संवेदना टिपणारे रेणू, ‘रिसेप्टर’) असतात, त्यांपैकी एकाला कॅप्सायसिन चालू करते आणि मेंदू चटका बसल्याचा समज करून घेतो. हा ग्राहक शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पक्ष्यांच्या याच ग्राहकावर कॅप्सायसिनचा परिणाम होत नाही, म्हणून ते मिरच्या खुशाल खातात आणि बी दूरवर नेतात.

१३. लहान मुलांना किंवा दम्याच्या रुग्णांना नेणे योग्य आहे का?

मुलांना नेण्यास हरकत नाही. मगरीच्या जातीचे अ‍ॅलिगेटर आणि मिठाची खोटी खाण ही त्यांची आवडती ठिकाणे ठरतात. चाखण्याच्या मेजाजवळ मात्र त्यांचे हात धरून ठेवावेत आणि नंतर साबणाने धुवावेत, कारण तेच हात डोळ्यांना लागतात. दमा असलेल्यांनी पिंपांचे कोठार आणि ढवळण्याचा विभाग येथे जपून थांबावे. तेथील हवेत व्हिनेगर आणि मिरचीची वाफ असते. दम्याच्या औषधाचा फवारा (इनहेलर) जवळ ठेवावा आणि घसा दाटू लागल्यास लगेच बाहेर यावे.

१४. सॉस शाकाहारी आहे का? आणि उपाहारगृहात शाकाहारी माणसाला काय मिळेल?

मूळ सॉस पूर्णपणे शाकाहारी आहे. त्यात प्राणिज काही नाही आणि गव्हातील ग्लुटेनही नाही. दुकानातील इतर सॉस आणि खाऊ घेताना मात्र घटकांची यादी वाचावी. उदाहरणार्थ, वूस्टरशायर सॉसच्या प्रकारांत सहसा अँकोव्ही मासा असतो.

उपाहारगृहाचे नाव ‘१८६८’ असे कंपनीच्या स्थापनेच्या सालावरून ठेवले आहे आणि तेथील जेवण केजन पद्धतीचे आहे, म्हणजे कोळंबी, क्रॉफिश, सॉसेज यांवर आधारलेले. राजमा-भात हा पदार्थ नावावरून निर्धोक वाटतो, पण या प्रदेशात तो परंपरेने डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात. गम्बोच्या रश्श्यालाही मांसाचा किंवा माशांचा आधार असतो. विचारल्याशिवाय काही मागवू नये. कडक शाकाहारी असल्यास न्यू आयबेरियात किंवा लाफायेटमध्ये जेवून यावे.

१५. सॉस कोणी शोधला? मेक्सिकोहून परतलेल्या सैनिकाने मिरची दिली, ही गोष्ट खरी आहे का?

व्यवसाय उभा केला तो एडमंड मॅकिलेनी यांनी. १८१५ मध्ये मेरीलँड राज्यात जन्मलेले हे गृहस्थ न्यू ऑर्लिन्समध्ये बँकेच्या व्यवसायात होते आणि १८५९ मध्ये त्यांनी एव्हरी कुटुंबातील मेरी एलायझा यांच्याशी विवाह केला. अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधील यादवी युद्धाने त्यांचा व्यवसाय धुळीस मिळवला. सासरच्या बेटावर परतल्यावर त्यांनी १८६८ मध्ये व्यापारासाठी मिरची लावली, पुढच्या वर्षी सॉस बाजारात आणला आणि १८७० मध्ये त्याचे पेटंट घेतले. थेंबथेंब शिंपडता यावा म्हणून त्यांनी अत्तराच्या बाटलीसारख्या अरुंद तोंडाच्या बाटल्या निवडल्या. आजचा आकार त्याच वळणाचा आहे.

सैनिकाची गोष्ट कौटुंबिक दंतकथा म्हणून ऐकावी, तिला कागदपत्रांचा आधार नाही. उलट, न्यू ऑर्लिन्सचे मॉन्सेल व्हाइट हे जमीनदार १८५० च्या सुमारास याच नावाच्या मिरचीचा सॉस करत होते, याची नोंद त्या काळच्या वर्तमानपत्रात आहे. त्यांची रीत मिरची उकळून व्हिनेगर घालण्याची होती. मॅकिलेनी यांनी कच्ची मिरची मिठात मुरवली. कोणी कोणाकडून काय घेतले यावर वाद आहे. रीती मात्र दोन आहेत, एवढे स्पष्ट दिसते.

१६. बेटाचा गुलामगिरीशी संबंध होता का?

होता. सॉस येण्यापूर्वी हे बेट पेटीट आन्स नावाने ओळखले जाई आणि तेथे उसाचा मळा होता; तो गुलाम केलेल्या आफ्रिकी वंशाच्या माणसांच्या श्रमावर चालत असे. १८६२ मध्ये खारट पाण्याची विहीर खोल करताना खाली अखंड मिठाचा खडक लागला, तो शोधही अशाच श्रमातून लागला. त्या मिठासाठी दक्षिणेच्या सैन्याने येथे खाण चालवली आणि १८६३ च्या एप्रिलमध्ये उत्तरेच्या सैन्याने ती ताब्यात घेऊन मोडली. सॉसच्या संग्रहालयाकडून या इतिहासाचा सखोल आढावा अपेक्षू नये. ज्यांना तो पाहायचा आहे त्यांनी न्यू ऑर्लिन्सच्या पश्चिमेस वॉलेस येथे २०१४ मध्ये उघडलेले व्हिटनी मळ्याचे संग्रहालय वाटेत जोडून घ्यावे. ते संपूर्णपणे गुलाम केलेल्या माणसांच्या दृष्टीने उभारलेले आहे.

१७. खरी मिठाची खाण आत जाऊन पाहता येते का?

नाही. फेरीत आहे ती प्रतिकृती. ती पाहताना प्रश्न १ मधील घुमट आणि प्रश्न ७ मधील पिंपावरचा थर आठवावा. मग तेथे एक खोटी भिंत दिसण्याऐवजी कारखाना याच जागी का, हे समजते.

१८. जंगल गार्डन्स म्हणजे काय? कारखान्यासाठी आलो असताना तेथे वेळ घालवावा का?

अवश्य घालवावा. एडमंड यांचे पुत्र एडवर्ड एव्हरी मॅकिलेनी यांनी उभारलेली ही १७० एकरांची बाग १९३५ मध्ये लोकांसाठी खुली झाली. ती आपल्याच गाडीतून, थांबत थांबत पाहता येते. कॅमेलिया, अझेलिया, बांबूची बने, ओकवरून लोंबणारे स्पॅनिश मॉस आणि १९३६ मध्ये मित्रांनी भेट दिलेली प्राचीन बुद्धमूर्ती, एवढे एका फेरीत होते.

परंतु बागेचा प्राण ‘बर्ड सिटी’ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्त्रियांच्या टोप्यांवर पांढऱ्या बगळ्यांचे तुरे लावण्याची टूम आली आणि त्यासाठी स्नोई एग्रेट जातीचे बगळे विणीच्या हंगामातच मारले जाऊ लागले, कारण तुरे तेव्हाच येतात. एडवर्ड यांनी १८९५ च्या सुमारास आठ पिल्ले पकडून पाण्यावर बांधलेल्या मोठ्या पिंजऱ्यात वाढवली आणि स्थलांतराच्या वेळी सोडून दिली. वसंतात पक्षी परत आले, पुढच्या वर्षी अधिक आले. आज तळ्यातल्या मचाणांवर हजारोंनी घरटी होतात. बघण्याच्या मनोऱ्यावर गेल्यावर आवाज आधी येतो : गळ्यातून घरघर केल्यासारखा, अजिबात मंजुळ नसलेला, आणि वाऱ्याबरोबर मासळीचा वास.

अ‍ॅलिगेटर खरे आहेत आणि कुंपणात नाहीत. त्यांना खाऊ घालू नये, पाण्याच्या काठाशी मुलांना एकटे सोडू नये.

१९. लुइझियानात न्यूट्रिया हा उंदरासारखा उपद्रवी प्राणी याच कुटुंबाने आणला ना?

असे सांगितले जाते आणि एडवर्ड यांनी स्वतःही ते श्रेय मिरवले होते. परंतु कंपनीच्याच इतिहासकाराने कागदपत्रे तपासून दाखवले आहे की त्यांनी १९३८ मध्ये हे प्राणी राज्यातील दुसऱ्या एका पैदास केंद्राकडून विकत घेतले, म्हणजे ते आणणारे पहिले नव्हते. त्यांनी पुढे काही जाणूनबुजून सोडले, हे मात्र खरे आहे. श्रेय कमी झाले, जबाबदारी पूर्ण सुटली नाही.

२०. वादळाच्या हंगामात जाण्यात धोका आहे का?

हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात. बहुतेक दिवस काहीच होत नाही, परंतु वादळाची सूचना लागली की रस्ते आणि कारखाना दोन्ही बंद होऊ शकतात, म्हणून रद्द करता येईल असेच आरक्षण करावे. सप्टेंबर २००५ मध्ये रीटा वादळाची लाट कारखान्याच्या अगदी जवळ आली होती. त्यानंतर सभोवार उंच बांध घालण्यात आला. वाटेत दिसणारी गवताळ मातीची भिंत तीच.

२१. टबॅस्को हे मेक्सिकोतील राज्य आहे. मग हे नाव एकाच कंपनीचे कसे?

नाव त्या राज्यावरूनच आले आहे. मिरचीच्या जातीलाही टबॅस्को म्हणतात आणि तिचे बी कोणीही लावू शकतो. सॉसच्या बाटलीवर ते नाव लिहिण्याचा हक्क मात्र मॅकिलेनी कंपनीकडे आहे. तिला १९०६ मध्ये व्यापारचिन्ह मिळाले आणि त्यावरून शेजारच्या सॉस बनवणाऱ्यांशी बरीच वर्षे खटले चालले. त्यामुळे ‘टबॅस्को मिरचीपासून बनवलेला’ असे लिहिलेली दुसऱ्या कंपनीची बाटली दिसली तर ती बनावटच असेल असे नाही.

२२. घरी एक जुनी बाटली आहे, सॉस काळपट झाला आहे. तो टाकून द्यावा का?

केवळ रंगावरून टाकू नये. मीठ आणि आम्ल इतके असते की त्यात जंतू वाढणे कठीण. पण उजेड आणि हवा यांनी रंग गडद होतो आणि चव मवाळते. बाटलीवरची मुदत पाहावी. मुदत उलटली असेल, किंवा तोंडाशी बुरशी अथवा वेगळा वास असेल, तर ती टाकावी.

२३. विमानातून बाटल्या नेता येतात का? आणि तेथूनच आणण्यासारखे काय आहे?

अमेरिकेतील विमानतळांवर हातातील सामानात प्रत्येकी १०० मिलिलीटरपर्यंतचेच द्रव चालतात आणि ते सगळे एका छोट्या पारदर्शक पिशवीत मावावे लागतात. सॉसलाही हाच नियम आहे. दोन औंसांची बाटली साधारण ६० मिलिलीटरची, म्हणून ती चालते. पाच औंसांची जवळजवळ १५० मिलिलीटरची, म्हणून ती अर्धी रिकामी असली तरी काढून घेतली जाते, कारण मोजतात ती बाटली, आतला सॉस नव्हे. सैनिकांच्या शिधापाकिटांतून प्रसिद्ध झालेली एक अष्टमांश औंसाची, बोटाच्या पेराएवढी बाटली भेट म्हणून वाटायला सर्वांत सोयीची आहे.

मोठ्या बाटल्या मुख्य सामानात टाकाव्यात. झाकण घट्ट आवळून त्यावर चिकटपट्टी लावावी, प्रत्येक बाटली स्वतंत्र प्लॅस्टिक पिशवीत आणि मग जाड मोज्यात घालावी, आणि पांढरे कपडे दुसऱ्या बॅगेत ठेवावेत. मूळ लाल सॉस कोठेही मिळतो, त्याने ओझे वाढवू नये. त्यापेक्षा मोडीत काढलेल्या पिंपांच्या लाकडाच्या चिपा घ्याव्यात. शेगडीवर धुरी देण्यासाठी त्या पिशवीत भरून विकतात, फुटत नाहीत, सांडत नाहीत, आणि पिशवी उघडली की कोठारातला तोच आंबट वास येतो.